कागदाची फुलं, लाकडाचा चौरंग



तालुक्याच्या बाजारात आमच्या बचत गटाचा स्टॉल लागला की बायका चौरंगावर बोट फिरवून विचारतात, "हे हातानं रंगवलंय ना?" आम्ही सांगतो, नाही, हा कागद आहे. चित्र कापून लाकडावर चिकटवलंय आणि वरून व्हार्निश दिलंय. काही जणींचा चेहरा पडतो. पण सावंतवाडी आम्हाला लांब नाही. तिथे लाकडावर हातानं वेलबुट्टी काढतात, लाखेचं काम करतात. त्या कामाच्या नावावर आपला कागद विकायचा नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं होतं. बाकी बऱ्याच गोष्टी मात्र ठेच लागल्यावर शिकलो.

या कामाला डेकुपाज म्हणतात. शब्द फ्रेंच, त्याच्या मुळाशी कापणं आहे. १८व्या शतकात इटलीतल्या व्हेनिस शहरात श्रीमंतांना चीन-जपानकडच्या लाखेच्या फर्निचरची फार हौस होती. ते महाग पडायचं. मग तिथले कारागीर छापील चित्रं कापून, रंगवून लाकडावर चिकटवायचे आणि वर रोगणाचे हातावर हात द्यायचे. त्याला नाव पडलं 'लाक्का पोवेरा', म्हणजे गरिबाची लाख. त्याच शतकात इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागद कापून फुलांची चित्रं करायला घेतली. नजर अधू होईपर्यंत त्यांनी हजाराच्या जवळपास चित्रं केली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे आम्ही वाचून दाखवलं तेव्हा आमच्या गटातल्या काकी म्हणाल्या, "म्हणजे मला अजून आठ वर्षं आहेत. कात्री द्या इकडे."

आता काम कसं करतो ते सांगतो. जुना पाट, स्टूल, टीपॉय, काहीही चालतं. पण लाकडातून भुसा पडत असेल तर ते घेऊ नका, आत भुंगा असतो. जुना ऑइलपेंट असेल तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं अगदी नाममात्र ठेवायचा नियम २०१७ पासून लागू झालाय, तुमचं स्टूल त्याच्या आधीचं असणार. म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही, तोंडाला फडकं बांधायचं आणि पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. घासून, पुसून, वाळवून मग प्रायमर आणि त्यावर पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचे दोन हात. खालचा रंग गडद असला तर पातळ कागदातून तो वर दिसतो.

कागद सगळ्यात सोपा म्हणजे छापील पेपर नॅपकिन. त्याला दोन-तीन पापुद्रे असतात. वरचा चित्राचा तेवढा घ्यायचा, बाकीचे सोडवून टाकायचे. ते न सोडवता चिकटवलं तर वरचा पापुद्रा पुढे सुटून येतो. मासिकाचा कागद ओला झाला की मागची अक्षरं पुढे दिसतात. घरच्या प्रिंटरवरची शाई बहुधा ओघळते, दुकानातली लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स टिकते. आम्ही सुरुवातीला लग्नपत्रिकांवरचे गणपती कापले होते. काकींनीच हात धरला. म्हणाल्या, "पाटावर माणूस बसणार. देवावर बसवणार काय?" तेव्हापासून पाटाला फुलं, पानं, मोर एवढंच.

चिकटवायला दोन भाग पांढरा फेविकॉल आणि एक भाग पाणी. लाकडाला लावा, कागद ठेवा, वर प्लॅस्टिकची पिशवी पसरून मधून कडेकडे हात फिरवा. तरी फुगे येतातच. आता आम्ही इस्त्रीची युक्ती करतो. फेविकॉल लाकडाला लावून पूर्ण सुकवायचा, वर नॅपकिन ठेवायचा, त्यावर बटर पेपर आणि मग कोमट इस्त्री. सुकलेला फेविकॉल उष्णतेनं मऊ होऊन कागद धरतो. पाणीच नाही, त्यामुळे फुगा नाही, सुरकुती नाही.

आता आमचे पैसे बुडाले ती गोष्ट.

पहिल्याच वर्षी श्रावणात गणपतीसाठी चौदा नगांची ऑर्डर आली. नऊ चौरंग, पाच पाट. बाहेर धो धो पाऊस, एका वहिनींच्या पडवीत काम. एरवी आठवडा लागतो ते आम्ही तीन दिवसांत उरकलं. वरून हाताला कोरडं लागत होतं म्हणून व्हार्निश मारलं. आतला फेविकॉल ओलाच होता. ते पाणी व्हार्निशखाली अडकलं, आठ दिवसांत पांढरी झाक आली आणि चार चौरंगांचे कोपरे सुटले. एक पाट तर विसर्जनालाच गेला. आमच्याकडे गणपती पाटावरूनच पाण्यात नेतात. पाट वर काढला तेव्हा कागदाची फुलं निर्माल्याबरोबर तरंगत होती.

बैठकीत भांडण झालं. एकीचं म्हणणं, पाटाच्या लोकांनी तो पाण्यात बुडवला, आपला काय दोष? दुसरी म्हणाली, बुडवू नका असं आपण सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. साडेचारशेप्रमाणे पाच नगांचे २२५० रुपये परत केले. त्या लॉटची मजुरी कोणालाच मिळाली नाही. एक जण त्यावरून काम सोडून गेली, ती अजून परत आलेली नाही. तिचंही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. दोन पोरं सांभाळून रात्री जागून तिनं कागद कापले होते.

तेव्हापासून आम्ही हे काम दिवाळीनंतर मेपर्यंतच करतो. गणपतीचा माल मेमध्ये तयार असतो. चिकटवल्यावर दोन दिवस कडकडीत वाळवायचं, मग पाण्यातलं व्हार्निश, त्याचे चार हात. दर हाताला पुरता वेळ. दोन हात झाल्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवायचा, पण कागदापर्यंत पोचायचं नाही. तेलातलं व्हार्निश जास्त चमकतं, पण पुढे पिवळं पडतं.

हिशोबातही चुकत होतो. सामानाचे पैसे धरायचो, हातांचे नाही. आता कोण किती तास बसलं ते वहीत लिहितो. त्यामुळे किंमत साडेचारशेवरून साडेसहाशे झाली, गिऱ्हाईक थोडं कमी झालं. चालेल. प्रत्येक नगाला चिठ्ठी बांधतो: कोरड्या फडक्यानं पुसा, पाणी साचू देऊ नका, गरम भांडं ठेवू नका. विसर्जनाच्या पाटाची ऑर्डर घेतच नाही.

ज्या घरचा पाट पाण्यात सुटला होता, तिथली सून या मेमध्ये जुना टीपॉय घेऊन आली. कामाचे पैसे पावसाळा गेल्यावर देते म्हणाली. आम्ही हो म्हटलं. टीपॉय सध्या तिच्या ओटीवर आहे आणि आमच्यापैकी कोणी ना कोणी येता-जाता त्याचे कोपरे बघून येतं.