जोडघराची मधली भिंत



इंग्लंडात संसार थाटलेल्या आपल्यापैकी पुष्कळ जणी जोडघरांत राहतात. मधली भिंत एक, बिऱ्हाडे दोन. व्हिक्टोरिया राणीच्या काळात अशी घरे फार झाली, पण कल्पना थोडी आधीची. जॉन लाउडन या उद्यानतज्ज्ञाने १८२३ नंतर लंडनच्या पोर्चेस्टर टेरेसमध्ये दोन घरे अशी जोडली, की रस्त्यावरून एकच बंगला वाटावा. मध्यमवर्गाला बंगल्याचा थाट हवाच होता, तोही बेताच्या खर्चात! पुढे १८४५ मध्ये काचेवरचा, १८५० मध्ये विटांवरचा व १८५१ मध्ये खिडक्यांवरचा कर उठला आणि रस्त्याकडे मोठमोठ्या खिडक्या आल्या.

हा थाट बहुधा दिवाणखान्यापुरताच असे. पुढे छताला नक्षी, शेकोटीला संगमरवर. मागे स्वयंपाकघर आणि भांडी घासायची अंधारी खोली. मोलकरणीचा सारा दिवस तिथे जाई. आज डागडुजी निघाली की नक्षी जपली जाते आणि मागची मोरी, कोळशाची चूल, लाल फरशी यांवर पहिला घाव पडतो. मला हे पटत नाही. बायकांच्या कष्टांची खूण राहिली आहे ती त्या मागच्या खोलीतच.

आता भिंतीकडे येऊ. बाहेरची भिंत साधारण नऊ इंची, भरीव विटांची, चुन्यात बांधलेली. पावसाचे पाणी थोडेसे आत मुरते आणि चुन्याच्या सांध्यांतून पुन्हा वाळून जाते. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींचेही असेच असते. त्या सांध्यांत सिमेंट भरले की ओल आत कोंडते, थंडीत गोठते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटू लागतो. म्हणून गवंड्याला पहिला प्रश्न विचारावा, "चुना वापरणार ना?" वरखाली सरकणाऱ्या खिडकीचेही तसेच. दोरी तुटली किंवा खालचे लाकूड कुजले म्हणून सबंध खिडकी टाकून प्लॅस्टिकची बसवू नये. चांगला सुतार कुजका भाग कापून नवा तुकडा सांधतो, दोरी तर तासाभराचे काम.

जोडघरात खरी अडचण असते ती शेजाऱ्याची. मधल्या भिंतीवरचे धुराडे पुष्कळदा दोघांचे. एकाने आपला अर्धा भाग पाडला की दुसऱ्याकडे पाणी गळते. एकाने विटांवर रंग फासला की जोडीचा चेहराच वाकडा होतो.

एकजुटीने काय साधते, याचे उदाहरण पश्चिम लंडनमधील बेडफर्ड पार्क. जोनाथन कार यांनी १८७५ पासून वसवलेल्या या वसाहतीसाठी नॉर्मन शॉ यांनी घरांचे आराखडे केले. त्यांत जोडघरेही आहेत. पुढे जुनी घरे पाडणे सुरू झाले, तेव्हा १९६३ मध्ये संरक्षणासाठी संस्था निघाली आणि १९६७ मध्ये तिथल्या ३५६ घरांची नोंद संरक्षित यादीत झाली. एकेकट्या घरमालकाला हे जमले नसते.

आपली घरे त्या यादीत नसतील, तरी १९९६ च्या कायद्याप्रमाणे इंग्लंड-वेल्समध्ये मधल्या भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी कळवावे लागते. माझी विनंती एवढीच, की तो कागद दारातून टाकून परत येऊ नका. आत जा, चहा घ्या आणि धुराड्याचे काम दोघींनी मिळून एकाच गवंड्याला सांगा. म्हणजे परांचीसुद्धा एकदाच बांधावी लागेल.