जुन्या साच्यात नाचणीचा केक



भात आणि नाचणी शिकवणाऱ्या माणसाने केकच्या साच्यांवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु नाचणीचे पीठ करून विकणाऱ्या भगिनी मला नेहमी विचारतात, की शहरातले गिऱ्हाईक भाकरीपलीकडे नाचणी कशात घेईल? त्याचे एक उत्तर मला घोडबंदर रोडवर भंगाराच्या ढिगात दिसले.

मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे ही गावांची नावे तिथे अजून टिकून आहेत. भाताच्या खाचरांच्या जागी मात्र बहुतेक ठिकाणी उंच इमारती आल्या आहेत. मुलाच्या वाढदिवसासाठी हौसेने आणलेला माशाचा, आगगाडीचा, अस्वलाचा साचा या घरांत एकदोनदा वापरला जातो आणि मग भंगारात जातो. भंगारवाला तो वजनावर देतो. नवा साचा परवडत नाही म्हणून थांबलेल्या महिला गटाने ही वाट अवश्य पाहावी.

माझा पहिला केक मात्र फसला. अस्वलाचा साचा आणला, निव्वळ नाचणीचे पीठ घातले. उलटा केल्यावर धड ताटात आले आणि दोन्ही कान साच्यातच राहिले. घरातली मुले हसली, पण कारण साधे होते. गव्हात ग्लुटेन असते, ते पीठ धरून ठेवते. नाचणीत ते नाही. त्यामुळे कान, शेपूट, खवले असे बारीक भाग तुटतात. म्हणून नक्षीच्या साच्यासाठी नाचणी दोन भाग आणि गव्हाचे पीठ तीन भाग घ्यावे. आपले तवसाळे किंवा धोंडस, जे तांदळाच्या रव्यात काकडी घालून वर-खाली निखारे ठेवून भाजतात, ते तर अशा साच्यात घालूच नये. त्याला सपाट पातेलेच बरे.

साचा घेताना लोहचुंबक जवळ ठेवावे. चिकटले तर लोखंडी पत्रा, नाही चिकटले तर बहुधा ॲल्युमिनियम. आतला काळा लेप खरवडला असेल तर साचा घेऊ नये. आत रंग असेल तरीही नको. जुन्या पत्र्याच्या साच्याला डाख दिलेला असेल तर विशेष सावध राहावे. शिसे-कथिलाचा नेहमीचा डाख सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि केक आपण १७० ते १८० अंशांवर भाजतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. असा साचा कितीही सुंदर असला तरी भिंतीवर टांगावा, चुलीवर नको.

दुसरी अडचण मापाची. जुन्या साच्याबरोबर माहितीपत्रक येत नाही. साचा काठोकाठ पाण्याने भरावा, ते पाणी मोजावे आणि त्याच्या दोन तृतीयांश मिश्रण घ्यावे. भोक असेल तर तेही याच वेळी कळते.

सव्वा लिटरच्या साच्यासाठी नाचणीचे पीठ १०० ग्रॅम, गव्हाचे १५० ग्रॅम, चिरलेला गूळ १५० ग्रॅम, तेल १०० मि.ली., ताजे दही २०० मि.ली. आणि दूध सुमारे १०० मि.ली. घ्यावे. नाचणीचे पीठ अर्धा तास दह्यात भिजवावे, म्हणजे दाताला कचकच लागत नाही. भिजवण्यासाठी स्टीलचे भांडे वापरावे, कारण आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला खातो. एक चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा शेवटी घालून लगेच भाजायला ठेवावे. साच्याच्या कानाकोपऱ्यात पातळ तूप ब्रशने लावावे, वर पीठ भुरभुरावे आणि जादा पीठ झटकावे. हे काम घाईत केले तर कान गेलेच समजा.

अशा साच्यात कडा आधी करपतात आणि पोट कच्चे राहते. अमेरिकेत १९५० साली मिनियापोलिसच्या डेव्हिड डॅलक्विस्ट यांनी बनवलेल्या बंट साच्याच्या मध्यभागी नळी आहे, ती यासाठीच उपयोगी पडते. तिच्यातून उष्णता आत पोहोचते आणि जाड केक सारखा भाजतो. भंगारात असा नळीचा साचा मिळाला तर तो आधी उचलावा. अस्वलाच्या बाबतीत मात्र १७० अंशांवर ३५ ते ४५ मिनिटे भाजावे, कान तांबूस झाले की त्यावर फॉइल झाकावी आणि सळई पोटात खुपसून पाहावी. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबून मगच उलटा करावा.

आता हिशेब. एका केकला नाचणी लागते १०० ग्रॅम, म्हणजे किलोत दहा केक. यातून आपली क्विंटलभर नाचणी खपेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. येथे पैसा मिळतो तो भगिनींच्या श्रमाला. म्हणून पन्नास साचे जमवण्याची हौस आवरावी (ती लागते, माझ्या कपाटात अकरा आहेत). गटाला मासा, फूल, घर, आगगाडी आणि एक नळीचा, असे पाच पुरेत. कार्टूनचे चेहरे विक्रीसाठी वापरू नयेत, त्यांचे हक्क कंपन्यांकडे असतात. विक्री सुरू करण्यापूर्वी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली नोंदणी करावी आणि वेष्टनावर गव्हाचा उल्लेख ठळक करावा. नाचणीचे नाव वाचून गहू न चालणारे गिऱ्हाईकही तो केक उचलू शकते.