बिलातली एक ओळ
(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. भाषणाची सवय नाही, म्हणून सोबत विजेची दोन बिलं आणली आहेत. एक आमच्या मालेगावच्या घरचं, दुसरं कॅलिफोर्नियातलं. कंपनीच्या कामासाठी मी तिथं तीन वर्षं होतो.

तिथलं बिल पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा आतल्या पानावर एक ओळ दिसली, 'पब्लिक पर्पज प्रोग्राम्स', आणि पुढे काही डॉलर. मी वैतागलो. वीज मी वापरली, मग हे पैसे कशाचे? शोधल्यावर कळलं की या आकारातून इतर कामांबरोबर 'केअर' नावाची योजना चालते. कमी उत्पन्नाच्या घरांना तिच्यामुळे विजेच्या बिलात 30 ते 35 टक्के आणि गॅसच्या बिलात 20 टक्के सूट मिळते. बाकीचे ग्राहक आपापल्या बिलातून थोडं थोडं भरतात.

अमेरिकेत केंद्र सरकारचीही 'लाइहीप' नावाची मदत 1981 पासून आहे. पण ती तिजोरीतून येते. संसद जेवढं मंजूर करील तेवढंच, निधी संपला की उरलेले अर्जदार थांबले. 'केअर'चा पैसा बिलातूनच जमा होतो, म्हणून पात्र घराला 'यंदाचे पैसे संपले' असं ऐकावं लागत नाही.

माझ्या खालच्या मजल्यावर एक वयस्कर टॅक्सीचालक राहायचे. कडक उन्हाळ्यातही एसी लावत नसत, दार उघडं टाकून बसायचे. मी योजनेबद्दल सांगितलं तर म्हणाले, "बेटा, अजून हात पसरायची वेळ आली नाही." मी त्यांचंच बिल उघडून दाखवलं. "चाचा, ही ओळ बघा. हे पैसे तुम्हीही दर महिन्याला भरताय." ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. त्याच रात्री आम्ही अर्ज भरला. घरात माणसं किती, वर्षाचं उत्पन्न किती, सही. कागदपत्रं सुरुवातीला मागत नाहीत, पडताळणी नंतर काही जणांची होते.

आता मालेगावचं बिल. यात स्थिर आकार आहे, वीज आकार आहे, वहन आकार आहे, वीज शुल्क आहे. गरीब घरांसाठी म्हणून वेगळी ओळ नाही. पण इथेही आपण एकमेकांसाठी भरतोच. कारखाने, दुकानं आणि जास्त वीज वापरणारी घरं चढा दर देतात, त्यातून कमी वापरणाऱ्यांचा दर खाली राहतो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. ती दरातच मिसळलेली असते, म्हणून दिसत नाही.

खरा फरक प्रश्नाचा आहे. तिथं विचारतात, माणसं किती आणि कमाई किती? इथं विचारतात, युनिट किती? दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठीचा स्वस्त दर महिन्याला साधारण 30 युनिटांच्या आत राहणाऱ्यांनाच मिळतो. हिशेब करा. 75 वॅटचा एक पंखा रोज 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिट होतात. मग दिवा कशावर लावायचा?

आमच्या घरी अब्बा आणि दोन चाचा. तीन चुली, एक मीटर. एकेका घराचे साधारण 90 युनिट. मीटर वेगळे असते तर तिघंही 100 युनिटांपर्यंतच्या पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसले असते. एका मीटरवर 270 होतात आणि त्यातले 170 वरच्या, महाग टप्प्यात जातात. धाकट्या चाचांचं घर आजही लूमच्या मजुरीवर चालतं. तेही महाग दर भरतात. घरात इंजिनिअर असून हे मी कधी तपासलं नव्हतं, याची मला लाज वाटते.

कॅलिफोर्नियात सगळं आबादीआबाद आहे असं मी म्हणत नाही. 'केअर'च्या मर्यादेच्या थोडं वर कमावणाऱ्यांना 'फेरा'ची 18 टक्के सूट आहे. त्याच्याही वर गेलात की पूर्ण दर, आणि शिवाय इतरांच्या सवलतीचा भार. त्यावर तिथं वाद होतात. होऊ देत. जे बिलात छापलेलं दिसतं त्यावर वाद घालता तरी येतो.

तुमच्याकडे दोन कामं मागतो. पहिलं, आपल्या मोहल्ल्यातली दहा बिलं वाचा. चुली किती, मीटर किती, लिहून काढा. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 43 नुसार जागेचा मालकच नव्हे, तिथं राहणारा वहिवाटदारही जोडणी मागू शकतो. लोकांना अर्ज भरायला मदत करा. मात्र प्रत्येक मीटरला स्थिर आकार वेगळा लागतो, तो हिशेब आधी मांडा.

दुसरं, दर ठरवण्यापूर्वी वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो. मोठे ग्राहक तिथं तयारीनिशी जातात. आपण ही दहा बिलं घेऊन जाऊ आणि एकच मागणी करू: सवलत ठरवताना युनिटांबरोबर घरातली माणसंही मोजा. ही खैरात नाही, आपण सगळे भरतो त्या दराची ही वाटणी आहे.

दोन्ही बिलं इथं टेबलावर ठेवतो. चहाच्या सुट्टीत या, एकेक ओळ सोबत वाचू.