डिवचल्याने प्रतिपक्ष पेटतो काय?



आमच्या शाळेतील दहावीच्या वर्गातला एक चुणचुणीत मुलगा परवा मधल्या सुटीत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "सर, सामन्याच्या आधी समोरच्या संघाला वाटेल तसे बोलले, तर त्याचा फायदा आपल्याला होतो की त्यांनाच?" प्रश्न अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा होता. हल्लीची मुले रात्रीबेरात्री मोबाइलवर तिकडचे सामने पाहतात, आणि तिकडच्या खेळाडूंची मुक्ताफळे कवितेपेक्षा लवकर पाठ करतात. शिक्षकाला उत्तर ठाऊक नसले म्हणजे तो "उद्या सांगतो" म्हणतो. मीही तेच म्हटले. त्या उद्याची सोय करण्यासाठी जे वाचले आणि पाहिले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम हा खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे, आणि गोव्यात तर विशेषच, फुटबॉल म्हटला की पायाने खेळावयाचा खेळ डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतला चेंडू लंबगोल असतो आणि तो हातात घेऊन पळावयाचा किंवा पुढच्या गड्याकडे फेकावयाचा असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. शेवटच्या रेषेपार नेला की सहा गुण. एकेक चाल पाच-सहा सेकंदांत आटोपते आणि पुन्हा मांडामांड सुरू होते. चाल सुरू होताच चेंडू ज्याच्या हाती येतो त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यांना चुकवीत, आपला कोणता भिडू मोकळा आहे हे दोन-तीन सेकंदांत हेरून त्याला चेंडू फेकावयाचा असतो. बाकीच्यांपैकी निम्म्यांचे काम म्हणाल तर समोरच्याला रेटणे, एवढेच. हा भेद आपण ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

दोन चालींच्या मधल्या वेळात हातभर अंतरावर उभे असलेले हे बावीस गडी एकमेकांना काय काय म्हणत असतील, ते नभोवाणीवरून सांगण्याजोगे नाही. तिकडे ह्या प्रकाराला 'ट्रॅश टॉक', म्हणजे केरकचऱ्याची भाषा, असे यथार्थ नाव आहे. मर्यादा सुटली तर पंच पंधरा यार्डांचा दंड करतात. परंतु माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न मैदानावरील बडबडीचा नव्हता. सामन्याच्या आधी वर्तमानपत्रांतून आणि मुलाखतींतून जी वल्गना केली जाते, तिचा होता. ह्या बाबतीत तिकडे एक जुना रिवाज आहे. प्रतिपक्षाचे असे उद्गार कापून काढून कपडे बदलण्याच्या खोलीतील फलकावर चिकटवायचे, म्हणजे येता-जाता आपल्या गड्यांच्या अंगाचा तिळपापड व्हावा. म्हणूनच सावध प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना आठवडाभर गोड बोलण्याची ताकीद देतात. अपमान करणे म्हणजे शत्रूला फुकट दारूगोळा पुरवणे, अशी त्या सगळ्या धंद्याची समजूत आहे. ती कितपत खरी आहे?

१२ जानेवारी १९६९ रोजी मायामीच्या ऑरेंज बाउल मैदानावर बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यूयॉर्क जेट्स यांच्यात अंतिम सामना व्हावयाचा होता. कोल्ट्सने त्या हंगामात चौदांपैकी तेरा सामने जिंकले होते, आणि ज्या क्लीव्हलंडकडून एकदा हार पत्करली होती त्यालाच नंतर ३४-० असे धुऊन काढले होते. जेट्स हा नव्या, दुय्यम समजल्या जाणाऱ्या लीगचा संघ. तो अठराएक गुणांनी हरणार असा जाणत्यांचा होरा. अशा वेळी जेट्सचा क्वार्टरबॅक जो नेमथ हा तीन दिवस आधी मायामीतील एका भोजनसमारंभात उठला आणि रविवारी आम्हीच जिंकणार, मी हमी देतो, असे बोलून गेला. त्यापूर्वीच त्याने, आमच्या लीगमध्ये कोल्ट्सच्या अर्ल मॉरलहून सरस क्वार्टरबॅक कितीतरी आहेत, असेही ऐकवले होते. मॉरल हा त्या वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता! नेमथचे स्वतःचे प्रशिक्षक वीब यूबँक कपाळाला हात लावून बसले. वाघाला काठीने डिवचू नये, एवढे व्यवहारज्ञान त्यांना होते.

आणि वाघ हरला. जेट्स १६, कोल्ट्स ७.

नेमथने त्या दिवशी काही चमत्कार केला असे नव्हे. त्याच्या एकाही फेकीवर थेट सहा गुण मिळाले नाहीत. मॅट स्नेल नावाच्या गड्याने चेंडू पोटाशी धरून १२१ यार्ड मजल मारली, ते खरे काम. मला मात्र आठवण राहिली आहे ती मॉरलची. पहिल्या अर्ध्या डावात त्याच्या तीन फेकी शत्रूच्या हाती गेल्या. त्यांतली शेवटची तर पाहवत नाही. कोल्ट्सने एक युक्तीची चाल रचली होती: मॉरलने चेंडू दुसऱ्याला द्यावा, त्याने पळण्याचा आव आणून तो परत मॉरलकडे फेकावा, आणि फसलेल्या बचावाच्या मागे लांब फेक करावी. युक्ती साधली. जिमी ऑर हा गडी शेवटच्या रेषेजवळ अगदी एकटा उभा राहून हात हलवीत होता. मॉरलला तो दिसलाच नाही. त्याने मध्येच दुसऱ्याकडे चेंडू फेकला आणि जेट्सच्या जिम हडसनने तो पळवला. नेमथच्या बोलण्यानेच मॉरलची दृष्टी झाकोळली, असे मी म्हणणार नाही. घाईत कोणाचेही असे होते. परंतु चार दिवस सगळा देश ज्याला दुय्यम, दुय्यम म्हणून ऐकवीत होता, तो माणूस त्या क्षणी शांत चित्ताने मैदान न्याहाळीत होता, हेही मला पटत नाही.

आता उलट बाजूचा दाखला. २१ जानेवारी १९७९, मैदान तेच. डॅलसच्या टॉमस हेंडरसनने पिट्सबर्गच्या टेरी ब्रॅडशॉची अशी टर उडवली की, 'कॅट' ह्या शब्दातली पहिली दोन अक्षरे आयती दिली तरी ह्याला तिसरे सुचणार नाही. ब्रॅडशॉने त्या दिवशी चार वेळा फेकीवर सहा-सहा गुण मिळवून दिले, ३१८ यार्डांची मजल मारली आणि पिट्सबर्गने सामना ३५-३१ असा जिंकला. डिवचले म्हणून पेटला, असे तेव्हापासून सांगतात. पण सांगणारे दोन गोष्टी सोडून देतात. ब्रॅडशॉ त्या हंगामात आधीच लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला होता. त्याला पेटवण्यासाठी हेंडरसनच्या काडीची गरज नव्हती. दुसरे असे की, त्याच सामन्यात ह्याच हेंडरसनने त्याला मिठीत पकडले, तेवढ्यात डॅलसच्या दुसऱ्या गड्याने हातातला चेंडू हिसकावून सहा गुण वसूल केले. पिट्सबर्ग चार गुणांनी हरले असते, तर हेंडरसनची तीच थट्टा आज मुत्सद्देगिरी म्हणून सांगितली गेली असती. निकाल लागल्यावर आपण मागे जाऊन कारणे चिकटवतो. परीक्षेचे निकाल वाटताना पालकांच्या तोंडून मी हे दरवर्षी ऐकतो.

तिसरा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. डिसेंबर २००७ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स बारा सामने सलग जिंकून बसले होते. त्यांच्याशी गाठ पडण्याच्या आधी पिट्सबर्गचा अँथनी स्मिथ हा पिछाडीचा तरुण बचावपटू, आम्ही जिंकणार, अशी हमी देऊन मोकळा झाला. पेट्रियट्स ३४-१३ असे जिंकले. परंतु कसे जिंकले ते पाहण्यासारखे आहे. ते दातओठ खात अंगावर गेले नाहीत. मोठे बोलणारा हा गडी पुढे झेपावण्यास उतावीळ असणार, असा हिशेब करून त्यांनी त्याच्याच मागची जागा हेरली. एकदा पळण्याचे सोंग करून टॉम ब्रॅडीने रँडी मॉसला ६३ यार्डांची फेक दिली. पुढे ब्रॅडीने चेंडू आडवा मॉसकडे टाकला. मॉसच्या हातून तो जरा निसटला, तरी त्याने उचलून परत ब्रॅडीकडे फेकला, तोवर स्मिथ पुढे धावून आला होता, आणि ५६ यार्डांवर जबार गॅफनी मोकळा! श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल. १९६९ साली मॉरलच्या हातून फसली ती हीच जातकुळी. एका संघाने अपमान गिळून डोळे उघडे ठेवले, एवढाच काय तो फरक.

हे सारे मैदानी दाखले झाले. २०१८ साली जेरेमी यिप, मॉरिस श्वाइट्झर आणि समीर नुरमोहमद ह्या तिघा संशोधकांनी ह्याच विषयावरील प्रयोग प्रसिद्ध केले आहेत. त्यांनी खेळाडू घेतले नाहीत; साधी माणसे स्पर्धेला बसवली आणि काहींना प्रतिस्पर्ध्याकडून टोचणारा निरोप मिळेल, काहींना साधा मिळेल, अशी व्यवस्था केली. काम नुसत्या कष्टाचे, तेच ते करण्याचे असले, तर डिवचलेली माणसे अधिक काम उपसतात. काम कल्पकतेचे असले की मात्र त्यांची कामगिरी घसरते. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे प्रशिक्षकमंडळी काणाडोळा करतात: डिवचलेला माणूस संधी मिळताच लबाडीही अधिक करतो.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले की, तुझ्या संघात कोण कोठे खेळतो ते आधी सांग. ज्याला नुसते रेटावयाचे आहे त्याला शत्रूचे बोल ऐकवलेस तर तो थोडा वेळ जोराने रेटील. ज्याला पाहावयाचे आहे, त्याच्यापर्यंत ते पोचू देऊ नकोस.

हे शहाणपण मला उशिरा आले. सोळा वर्षांपूर्वी मी शाळेच्या फुटबॉल संघाबरोबर जात असे. आपला, पायांचा फुटबॉल. तालुक्याच्या अंतिम सामन्याच्या दिवशी झाडाखाली मुलांना गोळा करून मी म्हटले, "समोरची पोरे तुम्हांला काय म्हणतात ठाऊक आहे? चालती-बोलती भाताची पोती!" पहिली दहा मिनिटे आमची मुले वाऱ्यासारखी खेळली. मग आमचा मधल्या फळीतला गडी, ज्याच्या पायांतून सगळा खेळ निघत असे तो, चेंडू केव्हाच निघून गेला असताना एका मुलाच्या पायावर कोसळला. त्या मुलाचा घोटा मोडला. पंचांनी लाल कार्ड दाखवले, उरलेल्या दहांना तीन गोल बसले. आमचा तो गडी मोठा गुणी होता. त्यानंतर तो खेळण्यास आला नाही, आणि मीही फार बोलावले नाही.

आज तो तिशीचा गृहस्थ आहे. बाजारात भेटला की थांबून नमस्कार करतो, सर कसे आहात म्हणून विचारतो. भाताची पोती हे शब्द समोरच्या मुलांपैकी कोणी उच्चारलेच नव्हते, झाडाखाली उभ्या उभ्या मीच ते रचले होते, हे मी त्याला अद्याप सांगितलेले नाही.