गाडीच्या पोटातले पाणी



आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा. आज नुसते ऐकायचे आहे. विषय तुमच्या रोजच्यातलाच आहे. आपल्या गावात आता जीप आहेत, टेम्पो आहेत, ट्रॅक्टर तर आळीआळीत उभे आहेत. बैलाला पाणी दाखवल्याशिवाय आपण त्याला औताला जुंपत नाही. मग गाडीच्या पोटात पाणी आहे की नाही, हे न पाहता किल्ली कशी फिरवतो?

मी मिस्त्री नव्हे. जन्मभर पोरांना शिकवले. पण गाडीबरोबर जे पुस्तक मिळते, ते मी वाचतो. गॅरेजवाल्याजवळ बसून त्याला चार प्रश्न विचारतो. तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळते. जळताना तिथे क्षणभर २००० अंशांच्या वर उष्णता होते. लोखंड १५३८ अंशांना वितळते. म्हणजे पाहा! आपण जे इंधन भरतो, त्याच्या निम्म्याहून अधिक भागाची नुसती उष्णता होते. चाकांच्या वाट्याला फार थोडे येते. ही उष्णता काढून नेली नाही, तर इंजीन स्वतःलाच जाळून घेईल.

ती काढून नेण्याचे काम पाणी करते. इंजिनाच्या भिंती पोकळ असतात. त्यांतून पाणी फिरते आणि उष्णता घेते. मग ते पुढे रेडिएटरमध्ये येते. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी. समोरून वारा लागतो, मागे पंखा फिरतो, पाणी निवते आणि पुन्हा आत जाते. हे पाणी फिरवायला एक पंप असतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजीन थंड असताना ती बंद राहते. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ती उघडते. एवढाच सगळा कारभार.

जुन्या काळी पाण्याला असे कोंडून ठेवत नसत. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेंझ नावाच्या बाई आपल्या दोन मुलांना घेऊन मोटारीने माहेरी गेल्या. सुमारे १०० किलोमीटरची वाट. मोटार नवऱ्याने बनवलेली, पण नवऱ्याला न सांगता नेलेली! त्या मोटारीतले पाणी उकळून उडून जाई. म्हणून वाटेत ठिकठिकाणी पाणी भरावे लागले. तरी बाई पोचल्या. आपल्यातल्या ज्या ताई म्हणतात, “गाडीचं आम्हांला काय कळतंय?” त्यांच्यासाठी हे सांगितले.

आता मुख्य गोष्ट. ती आहे रेडिएटरच्या झाकणाची.

आजच्या गाडीत पाणी घट्ट झाकणाखाली कोंडलेले असते. हे मुद्दामच केलेले असते. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. उंचावर तर त्याच्याही आधी. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे. तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. पण पाणी दाबाखाली कोंडले, तर ते उशिरा उकळते. गाडीच्या झाकणावर १.१ किंवा असा काही आकडा असतो. तो दाबाचा आकडा. म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतका आणखी एक दाब आत असतो. अशा दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही.

बायकांना हे लवकर समजेल. घरच्या कुकरचे हेच तत्त्व. डाळ लवकर शिजते, ती आतले पाणी १०० अंशांच्या वर जाते म्हणून. पण एक मोठा फरक ध्यानात घ्या. कुकरची वाफ गेल्याशिवाय तुम्ही त्याचे झाकण उघडत नाही. कित्येक कुकरांचे झाकण तर तोवर उघडतच नाही. ते बनवणाऱ्याने आपल्या उतावळेपणाचा बंदोबस्त केलेला आहे. गाडीच्या झाकणाला मात्र तसा भरवशाचा बंदोबस्त नाही. जोर लावला तर ते गरम असतानाही उघडते.

आणि उघडले की काय होते? आत पाणी ११० अंशांवर असते. दाबामुळे ते निमूट बसलेले असते. झाकण निघाले की दाब गेला. मग ते सगळे पाणी एकदम उकळी फुटून वर येते. एक लिटर पाण्याची दीड हजार लिटरहून जास्त वाफ होते. त्यातला थोडाच भाग वाफ झाला, तरी तो बाकीचे उकळते पाणी घेऊन उसळतो. आणि झाकणावर वाकलेले असते आपले तोंड.

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या हाताखाली शिकलेला एक पोरगा. मेहनती, निर्व्यसनी. वऱ्हाडाची जीप घेऊन घाट चढत होता. दहा जणांची गाडी, बसलेले पंधरा. भर दुपार. काटा लाल रेघेला गेला आणि बॉनेटखालून वाफ निघू लागली. त्याने गाडी बाजूला घेतली, हे चांगले केले. पण मुहूर्त जवळ आलेला. मागून मंडळी ओरडू लागली, “अरे उरक की! पाणी वत आन् चल!” त्याने खांद्यावरचा टॉवेल घेतला, झाकणावर टाकला आणि पिळले. टॉवेलाने वाफ अडत नाही. उजवा हात, मान आणि अर्धा चेहरा भाजला. डोळा थोडक्यात वाचला. कोणी धावत जाऊन दुकानातून टूथपेस्ट आणली आणि जखमेवर थापली. दवाखान्यात ती खरवडून काढावी लागली. त्या वेळचे त्याचे ओरडणे त्याच्या आईने ऐकले आहे. आज त्याचा हात कोपरातून पुरा सरळ होत नाही. मुहूर्त काही गाठता आला नाहीच. लग्न गोरज मुहूर्तावर लागले आणि काहीही बिघडले नाही.

म्हणून म्हणतो, घाई करणारे मागच्या बाकावर असतात, भाजणारा पुढे असतो. तुम्ही मागच्या बाकावर असाल, तर गप्प बसायला शिका.

गाडी तापली तर काय करावे, ते ऐका. एसी चालू असेल तर बंद करा. गाडी सपाट जागी, रस्त्याच्या कडेला घ्या. इंजीन बंद करा. हँडब्रेक ओढा. माणसे रस्त्याच्या बाजूला न उतरवता आतल्या बाजूने उतरवा. वाफ येत असेल, तर बॉनेटसुद्धा लगेच उघडू नका. वाफ थांबू द्या. मग थांबा. पाच-दहा मिनिटे नव्हे, अर्धा तास तरी, आणि लागला तर तासभर. रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीजवळ आधी हात नुसता धरून पाहा. धग लागत नसेल, तरच नळी दाबून पाहा. नळी टणक लागली, तर आत दाब आहे. हात काढा आणि आणखी थांबा. नळी थंड आणि मऊ लागली, तर झाकणावर जाड फडके ठेवा, तोंड बाजूला करा आणि झाकण थोडेच फिरवा. ‘फुस्स’ असा आवाज आला, तर तिथेच थांबा.

पाणीही सावकाश ओता. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतले, तर लोखंड तडकते. तापलेल्या तव्यावर पाणी टाकून पाहा, तवा कसा कण्हतो! इंजिनाचा तवा फार महाग पडतो.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. कधी कधी काटा वर जाता जाता एकदम खाली येतो. आपण म्हणतो, बरे झाले, गाडी निवली. तसे असेलच असे नाही. सगळे पाणी निघून गेले असेल, तर काट्याच्या यंत्राला पाण्याचा स्पर्शच उरत नाही, आणि ते खोटे सांगू लागते.

भाजलेच कोणी, तर भाजलेल्या जागेवर साधे गार पाणी २० मिनिटे वाहते सोडा. बर्फ नको. टूथपेस्ट नको, शाई नको, तूप-हळद नको. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढा. फोड फोडू नका. १०८ ला फोन लावा.

हे सगळे झाले गाडी तापल्यावरचे. पण ती वेळ सहसा येत नाही, जर सकाळी दोन मिनिटे काढली तर. रात्रभर उभी असलेली गाडी थंड असते. तीच वेळ पाणी पाहण्याची. आताच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरजवळ एक पांढुरकी प्लॅस्टिकची टाकी असते. झाकण न उघडताच तिच्यातले पाणी बाहेरून दिसते. तिच्यावर दोन रेघा असतात. अक्षरे इंग्रजी असतात. खालच्या रेघेजवळ ‘मिन’ लिहिलेले असते, म्हणजे कमीत कमी. वरच्या रेघेजवळ ‘मॅक्स’, म्हणजे जास्तीत जास्त. पाणी या दोहोंच्या मध्ये पाहिजे. गच्च भरू नका. पाणी तापले की फुगते, त्याला जागा लागते.

पाहताना किल्ली काढून खिशात ठेवा. काही गाड्यांचा पंखा विजेवर चालतो. गाडी नुकतीच बंद केली असेल, तर तो आपोआप सुरू होतो. धोतराचा सोगा, पदर, ओढणी तिथे लोंबू देऊ नये.

आता पाणी कोणते? इथे आपल्याकडे फार ढिलाई आहे. बोअरचे पाणी घेतले आणि ओतले. आपल्या घरचा बंब आठवा. दोन-चार वर्षांनी आत पांढरा थर बसतो, मग पाणी तापायला जास्त लाकडे लागतात. तोच थर इंजिनात बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. शिवाय नुसत्या पाण्याने गंज चढतो. म्हणून कूलंट नावाचे औषध पाण्यात मिसळतात. शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट, बहुधा निम्मे-निम्मे. बॅटरीत घालतात ते पाणी चालते. अडल्या वेळी ओढ्याचे पाणी घातले तरी गाडी घरी येईल, पण मग ते काढून टाकून नीट भरून घ्यावे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट हवेच कशाला? बर्फासाठी ते लागतेच. आपल्या सातारा भागातले जवान लडाखात गाड्या चालवतात. तिथे नुसते पाणी असेल तर गोठते, सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजीन फोडते. निम्मे कूलंट असले, तर ते उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. पण तेच औषध गंज रोखते आणि पाणी उशिरा उकळू देते. त्याची गरज आपल्याला घाटात आणि उन्हाळ्यात आहे.

बाटली घेताना वाचा. आता तुम्हांला वाचता येते, त्याचा उपयोग करा. काही बाटल्यांत पाणी मिसळलेलेच असते, काहींत आपण मिसळायचे असते. हिरवे, लाल, निळे असे रंग असतात. नुसत्या रंगावर जाऊ नका. एका जातीचे दुसऱ्यात मिसळू नका. आपल्या गाडीच्या पुस्तकात कोणते लिहिले आहे आणि किती वर्षांनी बदलायचे, तेच खरे.

आणि हे सर्वांनी ऐका, गाडी असो वा नसो. कूलंट हे विष आहे. ते चवीला गोड लागते, म्हणून अधिकच वाईट. कुत्रे, वासरू, लहान मूल ते आवडीने चाटते. आधी दारू प्याल्यासारखे झोकांड्या खाते, मग मूत्रपिंडे निकामी होतात. सरबताच्या बाटलीत ते कधी ओतून ठेवू नका. फडताळात, तेलाच्या शेजारी तर नकोच. सांडले तर पुसून त्यावर माती टाका आणि ती माती उचला. जुने काढलेले गटारात किंवा गोठ्यामागे फेकू नका, गॅरेजात द्या. मुलाच्या पोटात गेल्याचा नुसता संशय आला, तरी लगेच दवाखाना गाठा आणि बाटली बरोबर न्या. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका. घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

पाणी वरचेवर कमी होत असेल, तर नुसते ओतत राहू नका. ते कुठे जाते ते शोधा. गाडीखाली ओल, नळीच्या जोडावर पांढरट खपली, गाडीत गोडसर वास, या खुणा. इंजिनाच्या ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला, तर पाणी ऑइलमध्ये जाते आहे. मग गाडी जागची हलवू नका, मिस्त्रीला बोलवा. पंख्याचा पट्टा चिरला आहे का, तेही पाहा. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसा बसतो. तो साध्या नळाच्या धारेने आतून बाहेर धुवावा. जोराच्या फवाऱ्याने जाळीचे पातळ पत्रे वाकतात.

बोलणे पुष्कळ झाले. शाळेबाहेर जीप उभी आहे. दुपारपासून कोणी तिला हात लावलेला नाही, म्हणजे ती थंड आहे. किल्ली माझ्याजवळ आहे. बॅटरी घेऊन या, आणि ताईंनो, आधी तुम्ही पुढे व्हा. टाकीवरची ती दोन अक्षरे कुठे आहेत, ते तुम्ही शोधून दाखवायचे.