पंक्तीतील आग्रह आणि गव्हाचे पथ्य



आपल्या माळव्यात पोळीवाचून पान शोभत नाही. तथापि सीलिअ‍ॅक विकार असलेल्या मुलाला गव्हातील ग्लूटेन सोसत नाही. आतड्याचे अस्तर झिजते, खाल्लेले अंगी लागत नाही. डच बालवैद्य विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध मांडला. उपाय एकच, जन्मभर पथ्य. ज्वारी, बाजरी, तांदूळ चालतात; रवा, मैदा, जव वर्ज्य. बाजारी हिंगातही पुष्कळदा मैदा असतो. मात्र तपासणीपूर्वी आपणहून गहू सोडू नये, निदान चुकते.

म्हणून पंक्तीत “एका घासाने काय होते?” हा आग्रह कृपा करून नको. अशा पानासाठी भाकरी वेगळ्या तव्यावर भाजावी. ज्याला जे सोसेल ते वाढणे, हेच खरे अन्नदान.