दाणा आणि आंच : जर्मन बिअरचा पाया

बिअर म्हटली कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें फेस उभा राहतो आणि थोड्या अधिक जाणत्यांना हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा आठवतो. पण फेस हा शेवटचा देखावा आहे आणि हॉप्स ही नुसती फोडणी आहे. ज्या धान्यावर हा सारा संसार उभा असतो, त्याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. तें धान्य म्हणजे जव. मराठींत त्याला सातूही म्हणतात. जवाला मोड आणून, ते वाळवून, भट्टींत शेकून जें तयार होतें त्याचें नांव माल्ट.

जर्मनींत घरच्या घरीं बिअर करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. स्वतःच्या घरापुरती केलेली वर्षाला ५०० लिटरपर्यंतची बिअर तेथें २०२४ पासून करमुक्त आहे. त्यापूर्वीं ही मर्यादा २०० लिटर होती. महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्याशिवाय असा उद्योग करतां येत नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे. तथापि एकाच दाण्यांतून इतके भेद कसे उत्पन्न होतात, हा प्रश्न न पिणाऱ्यालाही विचार करावयास लावील असा आहे.

असा हौशी माणूस माल्टच्या दुकानांत गेला म्हणजे त्याच्यापुढें प्रथम चार पोतीं येतात : पिल्सनर, व्हिएन्ना, म्युनिक आणि गव्हाचें माल्ट. यांना पायाचें माल्ट म्हणतात, कारण बिअरला लागणाऱ्या धान्याचा बहुतेक सर्व भाग यांचाच असतो. पहिलीं तीन पोतीं पाहून नवखा गोंधळतो. दाणा तोच, जव तेच. मग भेद कशाचा? भेद आहे तो मुख्यतः भट्टीच्या आंचेचा.

हें नीट कळण्यासाठीं मोड म्हणजे काय हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. जवाच्या दाण्यांत पिष्टाचा साठा असतो. कोंबाची ती शिदोरी होय. दाणा भिजला कीं या पिष्टाची साखर करणारीं एन्झाइमें नांवाचीं द्रव्यें त्यांत तयार होऊं लागतात. माल्ट करणारा हीच वेळ साधतो. कोंबानें शिदोरी खाऊन टाकण्यापूर्वींच तो दाणे भट्टींत घालतो. कोंब मरतो, पण एन्झाइमें कोरड्या दाण्यांत निजून राहतात. पुढें त्या दाण्यांची भरड गरम पाण्यांत घातली म्हणजे तीं जागीं होतात आणि राहिलेलें काम पुरें करतात. पिष्टाची साखर होते. ती साखर यीस्ट खातें, आणि मग बिअर होते. महाराष्ट्रांतील गृहिणीला हें नवें वाटूं नये. मोड आणलेल्या नाचणीच्या सत्त्वाची खीर साध्या नाचणीच्या खिरीहून पातळ आणि गोडसर होते, तें याच कारणानें.

आतां आंचेकडे वळावें. पिल्सनर माल्टचें शेवटचें शेकणें साधारणतः ८० ते ८५ सेल्सिअस अंशांवर होतें. व्हिएन्नाचें ९० अंशांच्या आसपास आणि म्युनिकचें १०० ते १०५ अंशांपर्यंत. वीस-पंचवीस अंशांचाच फरक. पण त्यानें दाण्याचा स्वभाव बदलतो. युरोपांत रंग मोजण्याचें जें मान आहे, त्याप्रमाणें पिल्सनरचा रंग तीन-चार अंक, व्हिएन्नाचा सहा ते नऊ आणि म्युनिकचा बारापासून पंचवीसपर्यंत भरतो. पिल्सनरच्या दाण्याला कच्च्या पिठाचा आणि किंचित् मधाचा वास असतो. म्युनिकच्या दाण्याला नुकत्याच उतरविलेल्या भाजणीचा खमंगपणा येतो. परंतु ज्या आंचेनें हा खमंगपणा येतो, त्याच आंचेनें एन्झाइमें मरूं लागतात. आंच एका हातानें चव देते आणि दुसऱ्या हातानें शक्ति काढून घेते. पायाचें माल्ट निवडणें म्हणजे या देण्याघेण्यांत आपण कोठें उभें राहावयाचें तें ठरविणें होय.

हें ठरविण्याची सोय पूर्वीं नव्हती. लाकडाच्या जाळावर दाणे वाळत, त्यांत धूर मुरे आणि आंच हातांत राहत नसे. बव्हेरियांतील बांबेर्ग गांवीं बीच वृक्षाच्या लाकडावर धुरविलेल्या माल्टची बिअर आजही करतात. तिचा पहिला घोट घेतला कीं जुन्या काळची चव कळते. ही स्थिति पालटली एकोणिसाव्या शतकांत. १८३३ सालीं म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आंतोन ड्रेअर हे दोन तरुण ब्रिटनमधील बिअरचे कारखाने पाहण्यास गेले. पोकळ काठींत नमुने लपवून ते तपासणीसाठीं बाहेर आणीत, असें त्यांच्याविषयीं सांगतात. धूर न लागतां गरम हवेनें दाणा शेकण्याची रीति त्यांनीं तेथें पाहिली. १८४१ सालीं ड्रेअरनें व्हिएन्नाजवळ श्वेखाट येथें आपली तांबूस बिअर काढली आणि त्याच सुमारास झेडलमायरनें म्युनिकमध्यें आपली. पुढच्याच वर्षीं, १८४२ त, योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिरानें बोहेमियांतील पिल्सन शहरीं सोनेरी बिअर केली. तीन शहरांचीं नांवें तीन माल्टांना मिळालीं तीं अशीं.

या नांवांमागें शहरांचें पाणीही आहे. पिल्सनचें पाणी अत्यंत मऊ. त्यांत फिकट माल्ट खुलतें. म्युनिकच्या पाण्यांत चुन्याचे क्षार फार. असें पाणी फिकट माल्टला मानवत नाहीं आणि हॉप्सचा कडवटपणा बोचरा होतो. अधिक शेकलेल्या माल्टला मात्र अंगची थोडी आम्लता असते आणि ती या क्षारांना मारते. म्हणून म्युनिकमध्यें काळसर बिअर नांदली. श्पाटेन कारखान्यानें तेथें फिकट ‘हेलेस’ बिअर आणली ती १८९४ सालीं. यांतून हौशी माणसानें घ्यावयाचा धडा सरळ आहे. पोत्यावरचें नांव वाचण्यापूर्वीं त्यानें आपल्या घरच्या नळाला कसें पाणी येतें तें पाहावें.

आतां एकेका माल्टचे गुणदोष. पिल्सनर माल्ट अंगानें सर्वांत बळकट आहे. तें स्वतःच्या पिष्टाची साखर करून वर दुसऱ्या दुबळ्या माल्टचाही भार वाहतें. पण कमी शेकल्यामुळें त्यांत गंधकयुक्त द्रव्याचा एक अंश राहतो आणि त्यापासून शिजलेल्या मक्यासारखा किंवा कोबीसारखा वास उत्पन्न होतो. उपाय साधा आहे : रस झांकण न ठेवतां तास-दीड तास खळखळ उकळावा, म्हणजे तो वास वाफेबरोबर निघून जातो. झांकण ठेवून इंधन वाचविणाऱ्याला हा वास पुढें प्रत्येक पेल्यांत भेटतो. व्हिएन्ना माल्ट मध्यममार्गी आहे. चव थोडी, शक्ति पुरेशी, आणि एकटें घेतलें तरी काम पार पाडतें. म्युनिक माल्ट फिकें आणि गडद अशा दोन प्रतींत मिळतें. फिकें आपला भार आपण उचलतें. गडद प्रतीच्या अंगीं मात्र दुसऱ्याला देण्यासारखें फारसें उरलेलें नसतें.

गव्हाच्या माल्टची गोष्ट निराळी. त्याच्यांत शक्ति आहे, पण गव्हाला जवासारखें टरफल नाहीं. रस गाळतांना जवाच्या टरफलांचाच थर गाळणीचें काम करतो. निव्वळ गहूं घातला तर त्याचा चिकट लगदा होऊन रस अडतो. जर्मनींत गव्हाची बिअर म्हणून जी विकतात तिच्यांत निदान निम्में माल्ट गव्हाचें असावें लागतें. उरलेलें जवाचें घालण्यांत टरफलाची ही सोयही साधते.

नवखा चुकतो तो येथेंच. वीस लिटर बिअरला साधारण साडेचार ते पांच किलो माल्ट लागतें. त्याला वाटतें, जितके प्रकार अधिक तितकी चव अधिक. तो गडद म्युनिक घेतो, त्यांत साखरेसारखें भाजलेलें रंगाचें माल्ट ओततो, आणखी काळें माल्ट घालतो. आणि ज्यांच्या अंगीं एन्झाइमें मुळींच नाहींत अशा दाण्यांचा सारा भार एका दुबळ्या दाण्यावर पडतो. रस दिसावयास सुंदर होतो, पण पिष्ट तसेंच राहतें. आयोडिनचा एक थेंब रसाच्या थेंबावर टाकला कीं तो निळाकाळा होतो आणि सारें गुपित फुटतें. ज्यानें ही परीक्षा केली नाहीं त्याला तें सहा आठवड्यांनंतर कळतें : बिअर गढूळ, चव पिठाळ, आणि सारे श्रम वाया. फिकट हेलेससाठीं साडेचार किलो पिल्सनर आणि पाव किलो म्युनिक पुरे होतें. काळसर ‘डुंकेल’साठीं साडेचार किलो फिकें म्युनिक आणि आधाराला अर्धा किलो पिल्सनर घ्यावें. दोन नांवांपलीकडे जाण्याचें कारणच पडत नाहीं.

पोतें निवडल्यावर दाणा पारखावा. दोन दाणे दातांखालीं धरावे. ते कुरकुरीत फुटले पाहिजेत आणि तोंडांत गोडवा आला पाहिजे. दाणा चिवट लागला तर त्याला दमटपणा लागला आहे असें समजावें. पोत्याबरोबर तपासणीचा कागद मिळाला तर त्यांत दोन आंकडे पाहावे. प्रथिनें शेंकडा साडेअकराच्या आंत असावींत. अधिक असल्यास बिअर गढुळते. दुसरा कोलबाख अंक. दाण्यांतील प्रथिनें मोड येतांना कितपत विरघळलीं हें तो सांगतो. तो चाळिसाच्या आसपास असला म्हणजे निश्चिंत असावें. भरड मात्र काम करावयाच्या दिवशींच काढावी, आणि ती अशी कीं दाणा फुटावा पण टरफल शक्यतों अखंड राहावें.

१५१६ सालीं बव्हेरियाच्या ड्यूकांनीं इंगोल्श्टाट येथें हुकूम काढला कीं बिअरमध्यें जव, हॉप्स आणि पाणी यांवांचून कांहींही घालूं नये. गहूं पावासाठीं राखावा हाही त्यांत एक हेतु होता असें मानतात. पुढें १६०२ पासून गव्हाच्या बिअरचा किफायतशीर हक्क मात्र राजघराण्यानें आपल्याच हातीं ठेवला. राज्यकर्त्यांचा हेतु कांहीं असो, या निर्बंधाचा एक परिणाम असा झाला कीं तेथील कारागिरांना चवीचें वैचित्र्य बाहेरून आणतां येईना. तें दाण्यांतूनच आणि आंचेंतूनच काढावें लागलें. पिल्सनर ते म्युनिक ही सारी शिडी त्यांनीं एका धान्यावर उभी केली.

म्हणून जाणते हौशी नवख्याला सांगतात तें योग्यच आहे : पहिली बिअर केवळ पिल्सनरची करावी, दुसरी केवळ व्हिएन्नाची, तिसरी केवळ फिक्या म्युनिकची, पाणी, हॉप्स आणि यीस्ट तिन्ही वेळां तेंच ठेवावें. मग तीन पेले एका ओळींत ठेवून चाखावे. जो फरक जिभेला कळेल तो सारा आंचेचा असेल, आणि तो एकदां कळला म्हणजे दुकानांतील पोतीं त्याला परकीं वाटणार नाहींत.